सर्टिफिकेट चाळीस हजारांत मिळेल, पण लाकूड कुठून आणणार?

पत्र : ताई, नमस्कार. कोल्हापुरात टिंबर मार्केटजवळ आमचं सुतारकामाचं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. आम्ही दोघं आणि सात माणसं. देव्हारे, चौरंग, पाट, झोपाळे हे पहिल्यापासूनचं काम. अलीकडे ऑनलाइन विक्रीसाठी सर्व्हिंग ट्रे आणि चॉपिंग बोर्डही करतो. लाकूड म्हणाल तर सागवान, आंबा आणि पाडलेल्या वाड्यांचं जुनं लाकूड. गेल्या महिन्यात पुण्याच्या एका निर्यातदारानं जर्मनीसाठी ट्रेची मोठी ऑर्डर देऊ केली, पण 'एफएससी सर्टिफिकेट आहे का?' असं विचारलंय. एक सल्लागार म्हणतो, चाळीस हजार द्या, आठ दिवसांत काढून देतो. वडील म्हणतात, 'लाकडाला कसला दाखला लागतोय रं? वखारवाल्याला मी जन्मापासून ओळखतोय.' ऑर्डर सोडवत नाही आणि फसायचंही नाही. काय करू?
— एक सुतार, कोल्हापूर

उत्तर : दादा, चाळीस हजार सध्या खिशातच राहू देत.

एफएससी म्हणजे फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल. १९९३-९४ मध्ये उभी राहिलेली ही संस्था, मुख्यालय जर्मनीत बॉनला. लाकूड नीट सांभाळलेल्या जंगलातून आलंय असं कधी म्हणायचं, याचे नियम ती ठरवते, सर्टिफिकेट स्वतः देत नाही. ते देतात मान्यताप्राप्त तपासणी संस्था. त्यांचा ऑडिटर तुमच्या वर्कशॉपवर येतो, बिलं बघतो, माल कुठं रचलाय ते बघतो, कामगारांशी बोलतो, मग निर्णय होतो. सर्टिफिकेट पाच वर्षांचं असतं आणि मधल्या काळात दरवर्षी तपासणी होते. सल्लागार कागदांची तयारी करून देऊ शकतो. चांगला भेटला तर त्याची फी वसूलही होते. पण 'काढून देतो' हे त्याच्या हातात नाही, आणि आठ दिवसांत तर नाहीच. एवढ्यानं समाधान होत नसेल तर त्याला एकच विचारा: तपासणी संस्था कोणती, आणि तुम्ही आधी ज्यांचं काम केलंत त्यांचे सर्टिफिकेट नंबर द्या. ते नंबर एफएससीच्या सार्वजनिक शोध-पानावर टाकले की चालू आहेत, स्थगित आहेत की रद्द झालेत, ते मोबाईलवर दिसतं. नंबर द्यायला तो का-कू करू लागला तर विषय संपला.

समजा, सल्लागार प्रामाणिक निघाला आणि सर्टिफिकेट रीतसर मिळालं. तरी हे ट्रे तुम्हाला एफएससी म्हणून विकता येणार नाहीत. खरी अडचण इथं आहे आणि ती कोणी आधी सांगत नाही.

गुजरीत सोनं घेतलं तर ते कुठून आलं हे माहीत नसलं तरी कस लावून शुद्धता कळते. लाकडाचं तसं नाही. नीट सांभाळलेल्या जंगलातला साग आणि चोरून तोडलेला साग रंध्याखाली सारखाच निघतो. वडिलांना वासावरून झाड सांगता येत असेल, पण ते झाड कुणाच्या परवानगीनं पडलं हे वासाला कळत नाही. म्हणून इथं सगळा भार वाटेवरच्या कागदावर. जंगलाला एक सर्टिफिकेट. तिथून ओंडका घेणारा, तो चिरणारा, चिरलेला माल विकणारा, त्याचा ट्रे करणारा, म्हणजे ज्याच्या ज्याच्या मालकीतून लाकूड जातं त्या प्रत्येकाला दुसरं सर्टिफिकेट. त्याला चेन ऑफ कस्टडी म्हणतात, बोलताना सगळे सीओसीच म्हणतात. तुम्हाला लागणार ते हे दुसरं. या वाटेवरचा एक जण जरी विनासर्टिफिकेट असला, तरी तिथून पुढचं लाकूड साधं लाकूड.

आता तुमचा वखारवाला बघा. माणूस सोन्यासारखा असेल, वडिलांच्या शब्दावर मी शंका घेत नाही. पण त्याच्याकडे सीओसी नसेल तर तुमच्या सर्टिफिकेटला आत घ्यायला मालच नाही. दरवर्षी तपासणीची फी भरायची, एफएससीचं वार्षिक शुल्क भरायचं आणि विक्री शून्य. त्यामुळे क्रम उलटा लावा. आधी सर्टिफाइड लाकूड देणारा शोधा, मग सर्टिफिकेटचा विचार करा.

तो शोधताना दोन ठिकाणी माणसं हमखास फसतात. पुरवठादाराकडे सर्टिफिकेट आहे एवढ्यावर भागत नाही. त्याच्या सर्टिफिकेटच्या यादीत तुम्ही घेताय तो माल, त्या जातीचं लाकूड असायला हवं. पार्टिकल बोर्डासाठी सर्टिफिकेट असलेला माणूस तुम्हाला सागाची फळी एफएससी म्हणून विकू शकत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बिल. बिलाच्या त्या ओळीत मालापुढे 'एफएससी १०० टक्के', 'एफएससी मिक्स' किंवा तत्सम दावा आणि पुरवठादाराचा सर्टिफिकेट कोड छापलेला पाहिजे. गठ्ठ्यावर शिक्का आहे, भिंतीवर फ्रेम आहे, पण बिलावर ओळ नाही, तर ऑडिटरच्या लेखी ते साधं लाकूड. मागाहून फोन करून 'ते लिहायचं राहिलं, पाठवून द्या' म्हणत बसण्यापेक्षा पैसे सोडायच्या आधी बिल वाचा.

साग आणि आंब्यात हे लाकूड मिळणं सोपं नाही, हेही सांगून ठेवते. आंबा येतो शेताच्या बांधावरून, एका शेतकऱ्याचं एक झाड, दुसऱ्याची दोन. त्यांना सर्टिफिकेट कोण देणार? रबरवुड किंवा बाहेरून आलेलं पाइन, बीच, ओक यांत शोधाल तर लवकर सापडेल. पण मग तुमचा ट्रे हा तुमचा ट्रे राहतो का, ते तुम्ही ठरवा. पुण्याच्या माणसाला तुमचा आंबाच आवडला असेल तर बीचचा ट्रे घेऊन तो काय करेल?

उलट बाजूची चूकही करू नका. सर्टिफाइड फळी विकत घेतली, बिलावर सगळं व्यवस्थित आहे, म्हणून त्यातून केलेल्या ट्रेवर एफएससीचं झाड-टिकचं चिन्ह लावलं, असं चालत नाही. ते नोंदणीकृत चिन्ह आहे. फळी कापून ट्रे केलात म्हणजे तुम्ही उत्पादक झालात आणि उत्पादकाला स्वतःचं सीओसी लागतंच. इन्स्टाग्रामवरच्या फोटोवरसुद्धा ते टाकू नका.

आता पुण्याच्या निर्यातदाराकडे वळू. त्याला तुम्ही एक साधा प्रश्न विचारायला हवा होता, अजून वेळ गेलेली नाही: 'तुमचा स्वतःचा सीओसी नंबर काय?' तो तुमच्याकडून ट्रे विकत घेऊन स्वतःच्या बिलानं जर्मनीला विकणार असेल तर तोही या वाटेवरचा मालक आहे. त्याच्याकडे नंबर नसेल तर तुम्ही कितीही सर्टिफिकेटं आणा, माल बंदरावर पोचेपर्यंत तो साधाच झालेला असतो. हा प्रश्न विचारल्यावर बऱ्याचदा कळतं की समोरच्याला एफएससी नकोच आहे. तिकडच्या आयातदारानं लाकडाच्या कायदेशीरपणाचे कागद मागितलेत आणि यानं त्याचं 'एफएससी' करून टाकलंय.

युरोपचा जंगलतोडविरोधी कायदा, ईयूडीआर, म्हणून जे बोललं जातं ते हेच. २०२३ चा कायदा आहे. लाकूड त्याच्या यादीत आहे आणि ट्रे, बोर्ड यांसारख्या लाकडी स्वयंपाकघरी वस्तूही आहेत. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल साफ केलेल्या जमिनीवरचं लाकूड नको, आणि झाड कुठं उभं होतं त्या जमिनीचे अक्षांश-रेखांश द्या, अशी मागणी. अंमलबजावणी दोनदा पुढे गेली. मोठ्या आणि मध्यम कंपन्यांसाठी आता ३० डिसेंबर २०२६, छोट्यांसाठी ३० जून २०२७. जबाबदारी युरोपातल्या आयातदाराची, पण माहिती तो खाली खाली विचारत तुमच्यापर्यंत येणारच. एफएससी सर्टिफिकेट असलं म्हणजे या कायद्याचं काम आपोआप झालं असंही नाही. सर्टिफिकेटची मदत होते, त्यापलीकडे माहिती द्यावीच लागते.

बांधावरच्या आंब्याला इथं मात्र चांगलं स्थान आहे. सर्टिफिकेट नसलं तरी शेतकरी माहीत, गट नंबर माहीत, सातबारा मिळतो, झाडापाशी उभं राहून मोबाईलवर लोकेशन घेता येतं. जंगलातल्या लाकडाला हे इतक्या सहज जमत नाही. तेव्हा आंबा वखारीतून न घेता सरळ शेतकऱ्याकडून किंवा ओळखीच्या सॉ मिलवाल्यामार्फत घेऊन कागद गोळा करता येतात का, ते पाहा.

कागद म्हणजे कोणते? आपल्याकडे १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा आहे. साग, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ अशी झाडं खासगी जमिनीत असली तरी तोडायला परवानगी लागते. माल हलवायला जिथं लागू असेल तिथं वाहतूक परवाना, ज्याला आपण सगळे टीपी म्हणतो. देशभरासाठी ऑनलाइन टीपीची व्यवस्था डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली आहे. वन विभागाच्या किंवा वन विकास महामंडळाच्या लिलावातला साग असेल तर लिलावाची पावती आणि ओंडक्यावरचा हातोड्याचा शिक्का. वखारवाल्याकडून पक्कं बिल, त्यावर लाकडाची जात, घनफूट आणि ज्या टीपीवर माल आला तिचा नंबर. तो म्हणेल, 'आजवर कधी मागितलं नाहीस, आताच काय झालं?' म्हणू द्या. हे काम वडिलांवर सोपवा. जन्मापासूनच्या ओळखीचा माणूस त्यांना नाही म्हणणार नाही, तुम्हाला म्हणेल.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट. ती तुम्ही सहज शेवटी टाकलीत: पाडलेल्या वाड्यांचं लाकूड.

सर्टिफाइड मालाची साखळी जंगलापासून सलग असावी लागते, याला एक मोठा अपवाद आहे. एकदा वापरून झालेलं, पुन्हा कामाला आणलेलं लाकूड. एफएससीत ते 'रिसायकल्ड' या गटात येतं, आणि असं जुनं लाकूड विकणाऱ्याकडे स्वतःचं सर्टिफिकेट नसलं तरी चालतं. ते खरोखर वापरून झालेलं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची, म्हणजे सीओसी घेणाऱ्या वर्कशॉपची. पेठेतला वाडा पाडणारा ठेकेदार कुठून सर्टिफिकेट आणणार? पण त्याच्याकडच्या तुळया, खांब, वासे यांवर जुन्या खिळ्यांची भोकं, सांध्यांच्या खाचा, चुन्याचे डाग, धुराचा काळा थर असतो. माल उतरवून घेतानाच हे दिसतं आणि दाखवताही येतं. प्रत्येक खेपेला एक पानभर नोंद ठेवा: कुठल्या पत्त्यावरचा वाडा, पाडायचं काम कुणाकडे होतं, त्याचं बिल, किती नग, किती घनफूट, पाडकामाच्या जागेवरचे दोन फोटो आणि तुमच्या दारात उतरवतानाचे दोन. विकणाऱ्याची सही असलेलं पत्र की हा माल अमुक इमारतीतून निघालेला आहे. हे आजपासून सुरू करता येतं, फुकटात. उद्या सीओसी घ्यायचं ठरलं तर तयारी झालेली, आणि नाही घेतलं तरी गिऱ्हाईकाला दाखवायला यासारखी दुसरी वही नाही. जुनं लाकूड गाडीतून आणताना कुठले कागद सोबत हवेत, ते मात्र वनक्षेत्रपाल कार्यालयात एकदा प्रत्यक्ष विचारून घ्या. नाक्यावर पोलीस 'हा साग कुठला?' विचारतो तेव्हा खिळ्यांची भोकं दाखवून भागेलच असं नाही.

युरोपच्या त्या कायद्यातही आयुष्य संपलेल्या आणि एरवी टाकून दिल्या गेलेल्या मालापासूनच पूर्णपणे केलेल्या वस्तूंना सूट आहे. वाड्यांचा साग त्यात बसतो की नाही, हे तिकडच्या आयातदारानं ठरवायचं. तुम्ही वही पुढे ठेवायची.

फक्त एक. या लाकडाचे चॉपिंग बोर्ड करू नका आणि ट्रेही जपून. जुन्या तुळयांना पिढ्यान्‌पिढ्या तेलरंग लागलेला असतो, त्यात शिसं असू शकतं. वाळवीसाठी काय काय ओतलेलं असतं ते ओतणाऱ्यालाच ठाऊक. रंधा मारून वरचा थर गेला तरी भेगांत राहतं. भाजी-भाकरीशी संबंध येईल अशा वस्तूला हे लाकूड नको. देव्हारे, आरशाच्या चौकटी, बाक, झोपाळ्याची फळी करा. त्याला मागणीही आहे आणि भावही.

सीओसी घ्यायचंच ठरलं तर एकट्यानं घेऊ नका. १५ पर्यंत माणसं असलेल्या छोट्या उद्योगांना गटानं सर्टिफिकेट घेता येतं. एक जण सगळ्यांचं व्यवस्थापन बघतो आणि खर्च वाटला जातो. तुमच्यासारखी आणखी चार-पाच वर्कशॉपं टिंबर मार्केट, लक्ष्मीपुरी, शिरोली या पट्ट्यात निघतील, पण त्यांना एकत्र बसवणं हे आपल्याकडे सर्टिफिकेटपेक्षा अवघड. किमान तीन तपासणी संस्थांकडून लेखी दर मागवा आणि त्यात ऑडिटरचा प्रवास-मुक्काम, जीएसटी आणि एफएससीचं वार्षिक शुल्क धरलंय का, ते विचारा. नुसत्या ऑडिटच्या आकड्यावर जाऊ नका, आणि पहिल्या वर्षाचा नाही, पाच वर्षांचा खर्च मांडा.

ऑडिटर काय बघतो याची धास्ती घेतात लोक. कारण नाही. मुख्य गोष्ट हिशेबाची. समजा ५० घनफूट सर्टिफाइड साईज माल, म्हणजे मापात चिरलेलं लाकूड आलं. ट्रे कापून झाले, ३० घनफूट ट्रेत गेलं, बाकी भुसा, छिलपे आणि तुकडे. म्हणजे उतारा ६० टक्के. वर्षाअखेर तुमच्या बिलांवरून ४० घनफुटांचे ट्रे सर्टिफाइड म्हणून गेलेले दिसले तर ऑडिटर पेन खाली ठेवून विचारणार, वरचं १० घनफूट कुठून आलं? म्हणून दर खेपेचा उतारा स्वतः मोजून लिहा, अंदाजे टाकू नका. माल वेगळा रचा, टोकांना हिरव्या रंगाचा पट्टा मारा आणि तुकडे पडले तरी त्यांवर खूण राहील असं बघा. पॉलिश किंवा लेथचं काम बाहेर देत असाल तर त्या माणसाशी लेखी करार लागतो, कारण त्या वेळात माल तुमच्या नजरेआड असतो. सगळे कागद पाच वर्षं जपायचे. आणि २०२१ पासून कामगारांचाही भाग आलाय: बालमजुरी नाही, सक्ती नाही, भेदभाव नाही, संघटना करायला आडकाठी नाही. तुमच्याकडे कुणाचा चुलतभाऊ शाळा सोडून 'शिकायला' येत असेल तर ते आधी थांबवा. ऑडिटरसाठी नव्हे, तसंही थांबवा.

भारताची स्वतःची योजनाही आहे. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय वन आणि काष्ठ प्रमाणीकरण योजना सुरू केली. तिच्यात जंगलाबाहेरच्या, म्हणजे शेतातल्या झाडांसाठी वेगळी सोय आहे, त्यामुळे बांधावरच्या आंब्याच्या दृष्टीनं तिच्यावर लक्ष ठेवा. पण जर्मनीचा खरेदीदार ती स्वीकारतो का, हे आधी त्याला विचारा. ट्रेला शिसवाची पट्टी घालणार असाल तर प्रकरण निराळं. शिसव २०१७ पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे आणि निर्यातीला त्याचे कागद लागतात. हस्तकला निर्यात परिषदेची 'वृक्ष' योजना त्यासाठी आहे. या ऑर्डरपुरती पट्टी टाळलेली बरी. इतर शिक्क्यांशीही गल्लत करू नका. प्लायवूडवरचा आयएसआय मार्क दर्जाचा असतो, जंगलाशी त्याचा संबंध नाही. माल ज्या लाकडी खोक्यातून जाईल त्यावरचा शिक्का तिसराच. खोक्याचं लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असावं लागतं, किडीसाठी. गोकुळ शिरगावच्या कुठल्याही निर्यात करणाऱ्या फौंड्रीत विचारा, ते कास्टिंग त्याच खोक्यांतून पाठवतात. पॅकिंगवाल्याचा पत्ता तिथंच मिळेल.

तर आता पुण्याला मेल टाका. लिहा की आमच्याकडे एफएससी सीओसी सध्या नाही. आंब्याच्या ट्रेसाठी झाडाच्या जागेची माहिती, तोडीची परवानगी आणि बिलं देऊ शकतो. आपल्याला एफएससीचं चिन्हच हवंय की कायदेशीरपणाचे कागद, ते कळवा. आणि चिन्हच हवं असेल तर आपला सीओसी नंबर कळवा. उत्तर येईपर्यंत ॲडव्हान्स घेऊ नका आणि लाकूड भरू नका. चिन्हच हवं असं उत्तर आलं आणि नंबरही आला, तर त्यालाच विचारा की सर्टिफाइड लाकूड तो कुणाकडून घ्यायला सुचवतो. त्याच्या यादीतला पुरवठादार सापडला तर तुमचं निम्मं काम झालं. पुढची दोन-तीन वर्षं अशा ऑर्डरी येत राहतील असं तो लेखी द्यायला तयार असेल, तरच गटाचं सर्टिफिकेट घ्यायला बसा. एका ऑर्डरसाठी पाच वर्षांचा खर्च अंगावर घेऊ नका.